फणसाचे बेदाणे

लग्न होऊन मी द्राक्षवाल्यांच्या घरात आले आणि मला कळलं, की या घरात जगातल्या गोष्टींचे दोनच प्रकार आहेत: द्राक्ष आणि इतर. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नाशकात गंगापूर रोडला राहायचो, पण मुलांना सुट्टी लागली की मुक्काम वणीजवळच्या मळ्यावर, सासू-सासऱ्यांकडे. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. सासऱ्यांनी नुकतीच बेदाण्याची शेड उभारली होती आणि आल्यागेल्याला चहाच्या आधी ती शेड दाखवली जायची.

दर उन्हाळ्यात सुरगाण्याकडच्या डोंगरातून एक मावशी वणीच्या आठवडेबाजारात फणस घेऊन यायची. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण हिचे फणस जिथं पिकत नव्हते तिथंही विकत नव्हते. द्राक्ष उचललं की तोंडात. फणस म्हणजे चीक, हाताला तेल, विळी आणि सगळी दुपार. बायका फणसावर बोटं वाजवायच्या, वास घ्यायच्या आणि पुढं जाऊन कैऱ्या घ्यायच्या. परत डोंगरात नेण्यापेक्षा बरं, म्हणून मावशी उरलेले फणस आमच्या मळ्यावर टाकून जायची. मला फणस आवडायचा आणि मावशी त्याहून जास्त, कारण ती माझ्या सासऱ्यांना अजिबात घाबरत नसे.

एका वर्षी फणस उतरवता उतरवता ती म्हणाली, "ताई, पुढल्या साली नाय यायची मी. पोरगा म्हनतो झाड इकू. लाकूडवाला बघून गेला. फळं नुस्ती सडत्यात, ठेवून काय करायचं?"

माझं डोकंच फिरलं. राग नेमका कुणाचा, ते आजही सांगता येणार नाही. बहुतेक बोटं वाजवून जाणाऱ्या बायकांचा. मी तावातावानं म्हटलं, "झाड विकू नका. कच्चे गरे आम्ही वाळवतो, वर्षभर टिकतात. नाशकात विकून दाखवते. पोराला महिनाभर थांबायला सांगा."

"म्हैनाभर थांबंल," ती म्हणाली.

वाळवायचं म्हटल्यावर सासरे पुढं सरसावले. हंगाम संपून शेड रिकामी होती, जाळ्या धुऊन ठेवलेल्या होत्या. मी म्हटलं, गच्चीवर चादरीवर घालू, तर त्यांनी माझ्याकडे अडाण्याकडे पाहावं तसं पाहिलं. बेदाण्याची द्राक्षं आधी एका तेलकट द्रावणात बुडवतात, म्हणजे सालीवरचं मेण जातं आणि आतलं पाणी लवकर उडतं. "वाळवणं हे शास्त्र आहे," असं म्हणत त्यांनी सगळे गरे त्या द्रावणात बुडवले. त्यांच्यापुढं बोलायची घरात पद्धत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं.

आठवड्यानं जाळीवर जे तयार झालं ते दिसायला सोन्यासारखं होतं. सासूबाईंनी ते भिजवून काळ्या मसाल्यातला रस्सा केला. पहिला घास सासऱ्यांचा. ते बराच वेळ चावत राहिले आणि म्हणाले, "जरा वेगळी चव आहे."

"वेगळी कसली, साबणाची आहे," सासूबाई म्हणाल्या. माझी मुलं एकमेकांच्या जिभेवर फेस आलाय का ते बघू लागली.

सासरे हार मानणारे नव्हते. प्रमाण चुकलं म्हणून दुसरी खेप झाली, मग तिसरी. दर बाजारी मावशी फणस टाकताना विचारायची, "जमतंय का?" आणि मी लाजेपोटी म्हणायचे, "जमतंय."

महिना उलटल्यावर तिनं स्वतःच डबा उघडला. एक तुकडा चघळला, थुंकला आणि हसत हसत खालीच बसली. "आण्णा, सालीसाठी लावता ना तेल? मंग ह्याला साल हाय कुठं? सोललेल्या गऱ्याला तेल लावत्यात व्हय!" मग तिनं आमच्याच चुलीवर मीठ घालून पाणी उकळलं, गरे त्यातून काढले आणि जाळ्या सरळ उन्हात ओढल्या. सासरे खुर्ची घेऊन सावलीत बसले आणि बघत राहिले.

"पोरगा काय म्हणतो?" मी विचारलं.

"तुमी वाळवा, ताई," ती गरे पसरत म्हणाली.

या खेपेला जमलं, आणि झकास जमलं. श्रावणात आमच्या बिल्डिंगमधल्या मटणखाऊ घरांची जी उपासमार व्हायची, ती त्या रश्श्यानं मिटवली. कोमट पाण्यात तासभर भिजवा, फोडणीला घाला, भाकरीशी खा. पुढच्या वर्षी शेजारच्या दोन सोसायट्यांतून मागणी आली, त्याच्या पुढच्या वर्षी मावशी जीप भरून फणस आणू लागली. आणि मी? भिशी असो, हळदीकुंकू असो, माझं एकच पालुपद: "मी एक झाड वाचवलंय, बरं का!" ऐकणाऱ्यांचे कान किटले असतील. सासरे तर सांगताना झाडाच्या आधी शेडचं नाव घ्यायचे.

पाच-सहा वर्षांनी त्यांना ते झाड बघायची हुक्की आली. आम्ही दोघं तिच्या पाड्यावर पोचलो तेव्हा मावशी अंगणात परातीएवढ्या रुंद खोडावर बसून फणस सोलत होती.

"मावशी, झाड कुठंय?"

"ह्ये काय," तिनं खोडावर हात मारला. "त्याच साली गेलं. म्हैना झाला, पोराचा सबूद सपला."

मला एकदम त्या तीन खेपा आठवल्या आणि माझं ते 'जमतंय'. "मग एवढी वर्षं फणस कुणाचे आणत होता?"

तिनं कोयत्यानं दाखवलं. एक समोरच्या घरामागं, दोन ओढ्याकाठी, एक पार वर बांधावर. "ह्यांच्याकडं बी आलता लाकूडवाला. मी म्हनलं, थांबा, वणीला माझी मानसं हायत."

"आम्हाला सांगायचं तरी."

"सांगितलं आसतं तर तुमी वाळवायचं सोडलं आसतं."

मला रडू येत होतं आणि स्वतःची भयंकर लाजही वाटत होती. मी म्हटलं, "मावशी, मी तर गावभर सांगत सुटलेय, झाड वाचवलं म्हणून."

"मंग सांगा की," ती म्हणाली आणि पुढचा फणस ओढून घेतला. "खोटं थोडंच हाय? फकस्त माझं वाचवलं म्हनू नका."