दीपकची पार्टनर

अक्षदा दादरच्या साडीच्या दुकानात कामाला होती. नवा माल आला की मालक पहिली साडी तिच्याच खांद्यावर टाकायचा आणि गिऱ्हाइकं साडी सोडून तिच्याकडे बघत राहायची. आईला साडी घ्यायला आलेला दीपकही असाच बघत राहिला होता. त्या बघण्यातूनच लग्न जमलं आणि ती घोडपदेवच्या चाळीत आली. तो अजूनही तसाच बघायचा. बोलायचा मात्र शेजारच्या प्रितीशी.

प्रिती त्याच्याबरोबरच चाळीत वाढलेली. बुटकी, जाड भिंगांच्या चष्म्याची. मंडळाच्या कॅरम स्पर्धेत दोघं दरवर्षी पार्टनर. संध्याकाळी गॅलरीत बोर्ड लागला की नुसत्या शिव्या आणि हसणं. अक्षदा आत चपात्या लाटत ऐकायची.

रविवारी दुपारी नवरा-बायको लोअर परळच्या मॉलमध्ये सिनेमाला गेले. हिरो एका देखण्या मुलीसाठी झुरझुर झुरला आणि शेवटी जुन्या मैत्रिणीकडे गेला. तिच्यापुढे त्याला पोट आत ओढून बसावं लागत नव्हतं. अंधारात दीपक पुटपुटला, "बरोबर केलं."

त्याचा हात अक्षदाच्या हातात होता. तिने तो सोडला नाही. पण आता तो उसना आणल्यासारखा वाटू लागला.

घरी येताच ती गॅलरीत बोर्डापुढे बसली. "मला शिकव."

दीपक खूश. त्याने तिची बोटं स्ट्रायकरवर ठेवली, जरा जास्तच वेळ धरून ठेवली. तिने मारलं. स्ट्रायकर सरळ भोकात.

"असू दे. होतं असं."

पुन्हा भोकात. तिसऱ्यांदा तर तिने मुद्दाम घालवला.

"छान. जमेल हळूहळू."

प्रिती तिच्या दारातून बघत होती. "छान काय, छान? मी घालवला असता तर माझा बाप काढला असतास! वहिनी, फसवतोय हां हा तुम्हाला."

दीपक पोट धरून हसला. असं हसणं अक्षदाच्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं.

तिने बोरिक पावडरचा डबा उचलला आणि अख्खा बोर्डावर पालथा केला.

"येडी झालीस काय गं?" दीपक ओरडला.

असा तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता. तिला बरं वाटलं. आता हसेल, म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याच्या मिशीवर पांढरी पावडर बसली होती.

दीपकने मान वळवून प्रितीकडे पाहिलं आणि मग ती दोघं हसत सुटली.