काकूंची मेस आणि बसायची सोय

मी इकडे हिंदी मुलखात, अवधपुरीत शिकायला आलो तेव्हा आमच्या कॉलेजच्या रस्त्यावर समोसे, झेरॉक्स आणि मोबाईलचं रिचार्ज एवढंच मिळायचं. आता मातीच्या कुल्हडमधला पिझ्झा मिळतो, वॉफल मिळतं, आणि चहाच्या दुकानांच्या पाट्या वाचून वाटतं, या भागातल्या प्रत्येक चहावाल्याचा नुकताच प्रेमभंग झाला असावा. कॉलेजं वाढली, त्यांच्यामागे हॉस्टेलं आली आणि हॉस्टेलांमागे हे सगळं आलं. माझी तक्रार नाही. पांढुर्ण्याकडून आलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधराला या रस्त्याने भरपूर दिलंय. पण मागच्या वर्षी मला काकूंच्या मेसची काळजी लागली.

काकू मूळच्या नागपूरच्या. काका इथल्या कारखान्यात होते. ते गेल्यावर काकूंनी घराच्या पुढच्या हॉलमध्ये कॉलेजच्या मुलांसाठी मेस सुरू केली. तिथे जेवूनच मी एम. ए. झालो. माझ्या पदवीत काकूंच्या वरणाचा वाटा किती, हे विद्यापीठाने गुणपत्रिकेवर छापलेलं नाही. मी मात्र कुणी न विचारताही सांगतो.

मेस म्हणजे घरातली पंगतच. भिंतीलगत लांब बाकं, कुणी हाताने वाढून घ्यायचं नाही, आणि सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत कुणी घास उचलायचा नाही. नको म्हटलं तरी ताटात आणखी एक पोळी पडणारच. पण शेवटचा घास घशाखाली उतरायच्या आत ताट उचललं जायचं, कारण दुसरी पंगत दाराशी उभी असायची. इतक्या मायेने जेवू घालून इतक्या चपळाईने हाकलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मागच्या वर्षी ती दुसरी पंगत यायची थांबली. मग पहिलीतही बाकं रिकामी दिसू लागली. पोरांच्या जिभा बिघडल्या, असं काकूंचं निदान होतं. त्यावर उपाय म्हणून त्यांनी पनीर करून पाहिलं. एकदा तर चायनीज भातही केला, पण त्याला कढीपत्त्याची फोडणी दिली. मुलं आदराने जेवली आणि दुसऱ्या दिवशी आली नाहीत.

काकूंची सून इंदूरची. तिचं म्हणणं होतं, हॉल मला द्या, मी कॅफे काढते. काकू म्हणायच्या, "पोह्यांवर शेव टाकून त्याला जेवण म्हणणाऱ्या गावची तू. तुझं ऐकू होय?"

"आई, तुम्ही पोह्यांवर रस्सा ओतता. आम्ही निदान कोरडे तरी खातो," सूनबाई म्हणायची.

हे असं महिनोन् महिने चाललं असतं. पण मग वॉफलवाला आला. त्याला हॉल भाड्याने हवा होता, शटर आणि दिव्यांच्या पाटीसकट. काकूंचा मुलगा पुण्याला नोकरीला, सूनबाई इथे काकूंपाशी. त्याने फोनवर सांगितलं, देऊन टाक आई, आता आराम कर. रविवारी वॉफलवाला उत्तर घ्यायला येणार होता. काकूंनी हो म्हटलं की चूल आत जाणार आणि काकू त्याहून आत.

शनिवारी त्यांनी मला बोलावलं. मी इथल्या कॉलेजात अतिथी विद्वान आहे, म्हणजे हंगामी शिक्षक. पण काकू मला प्रोफेसरच म्हणतात. दुरुस्त केलं की म्हणतात, अतिथी तर अतिथी, वाढायला काय फरक पडतो.

"प्रोफेसर, मला त्या कोपऱ्यावरच्या कॅफेत ने. बघू दे तरी, असं काय खायला घालतात."

काकू ठेवणीतली साडी नेसून आल्या. आत जाऊन बसल्या आणि बसूनच राहिल्या. काउंटरवर जाऊन मागावं लागतं, हे मी सांगितलं. दुसऱ्याच्या दारात जाऊन खायला मागायची आपल्यात रीत नाही, असं त्यांनी मला सांगितलं. शेवटी मीच जाऊन दोन सँडविच आणि कोल्ड कॉफी आणली. काकूंनी हात लावला नाही. मीही लावू नये, असं डोळ्यांनी बजावलं.

कारण शेजारच्या टेबलावर एक मुलगी लॅपटॉप उघडून बसली होती आणि तिच्यापुढे फक्त एक रिकामा कप होता. तिचं पान वाढायचं राहिलंय, असं काकूंनी धरलं. आम्ही थांबलो. कॉफीचा फेस बसला. सँडविचच्या कडा वाळू लागल्या. मी दबक्या आवाजात समजावलं की इथे प्रत्येकाची पंगत वेगळी असते, पण ते त्यांना पटलं नाही. पलीकडे मेसची दोन जुनी मुलं बसली होती. त्यांनी काकूंना पाहिलं आणि एकाच मेन्यूकार्डामागे दोघांनी तोंडं लपवली.

अखेर काकूंनी त्या मुलीलाच विचारलं, "बेटा, तुम्हारा खाना कब आएगा?"

"आंटी, खाना नहीं मँगाया," ती हसून म्हणाली. "कमरे में चार लड़कियाँ हैं। यहाँ एक चाय पर दो घंटे बैठने देते हैं, कोई उठाता नहीं।"

काकूंनी सँडविच उचललं आणि संपवलं. चव कशी होती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायचं धाडस मला झालं नाही. घराजवळ आल्यावर मात्र म्हणाल्या, "मला वाटलं, पोरं चवीला भुलली."

रविवारी मी मुद्दाम गेलो. वॉफलवाला दुपारी आला, ही त्याची चूक. काकूंनी त्याला आधी पानावर बसवलं. वरण-भात, वांग्याची भाजी, पोळ्या. तो नको म्हणत गेला आणि काकू वाढत गेल्या. तो हात धुऊन आला तेव्हा त्याच्यात वाद घालण्याइतकं बळ उरलं नव्हतं. तेव्हा काकू म्हणाल्या, "हॉल द्यायचा नाहीये. तिथे आमची सूनबाई पोरापोरींना बसवणार आहे."

ही बातमी सूनबाईलाही त्याच क्षणी कळली. ती कणकेच्या हातांनी तशीच बाहेर आली.

"आई, नक्की?"

"नक्की. दुपारची पोळी-भाजी तेवढी माझी. बाकी तुझं तू बघ. बाकं काढ, पाठीच्या खुर्च्या आण."

"मग माझीही एक अट आहे," सूनबाई म्हणाली. "कुणाचंही ताट उचलायचं नाही. कपसुद्धा नाही."

"रिकामं झालं तरी?"

"रिकामं झालं तरी."

काकू विचारात पडल्या. वॉफलवाला जायला उठला होता, तोही उत्तर ऐकायला थांबला. इतका विचार काकूंनी नागपूर सोडतानाही केला नसेल.

"बरं," त्या म्हणाल्या. "पण मग मी आतच बसेन. मला ते बघवणार नाही."