कव्हरवरची खिडकी

माझ्या साडूंइतकं अवघं जग लहान करून पाहणारा माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या बायकोची मला आताच कीव येते. साडूंचं वसमत रोडला फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाच्या एकाच फ्लेक्सवर नेत्यापासून नेत्याच्या चुलतभावाच्या मेहुण्यापर्यंत सगळी डोकी बसवून त्यांनी संसार उभा केला. पण जीव रमला तो भुताटकीच्या व्हिडिओ गेममध्ये. गिऱ्हाईक सरलं की त्याच कॉम्प्युटरवर ते एकटेच गेम बनवत बसायचे. नाव ‘थांबा नाही’. एक ओसाड स्टेशन, तिथे खेळणारा एकटा. गाड्या न थांबता धडधडत निघून जातात आणि प्रत्येक गाडी गेल्यावर फलाटावरची एखादी वस्तू जागची हललेली असते. बस्स. मी एकदा खेळायला बसलो, बाकड्याखालची चप्पल उलटी झालेली दिसली आणि भर दुपारी उठून रस्त्यावर माणसांत जाऊन उभा राहिलो. साडू खूश झाले. “घाबरलात न्हवं? मंग जमायलाय!”

गेम जमला, अडलं ते कव्हरवर. इंटरनेटवरच्या ज्या दुकानात तो विकायला ठेवायचा, तिथे असंख्य गेमांची चित्रं शेजारी शेजारी मांडलेली, काडेपेटीवरच्या छापाएवढी. “गिऱ्हाइकाचं बोट सरकतच असतंय. तेवढ्यात चित्रानं त्याची गचांडी धरली पायजे,” असं साडू म्हणत. तेव्हापासून त्यांना खूळच लागलं. लहान केल्यावर ओळखू येत नाही ते चित्रच नव्हे! कव्हर छापायचं, रस्त्यापलीकडच्या रसवंतीच्या खांबाला चिकटवायचं आणि जीपा-रिक्षांच्या मधून डोळे बारीक करून बघत राहायचं. माझ्या पुतणीला सांगून आलेल्या मुलाचा फोटो त्यांनी हात लांब करून न्याहाळला आणि मुलाच्या काकांसमोरच निकाल दिला, “लांबून नाकच दिसंना. दुसरं बघा.” पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो, तर हे रांग सोडून पार मागच्या भिंतीला टेकून उभे. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, “देव इथून बी ओळखू यायलाय. ह्याला म्हनायचं डिझाइन.”

शेवटी एक चित्र ठरलं. तांबूस आभाळ, मातकट फलाट, मधोमध स्टेशनातल्या खोलीची काळी खिडकी आणि वर ठळक अक्षरांत नाव. माणूस एकही नाही. रिकामपणाचीच भीती वाटली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. ते चित्र खांबावर लागलं आणि ग्लास विसळता विसळता रसवंतीवाल्याने विचारलं, “खिडकीत कोन बसवलंय?”

साडू हसले. “कोन न्हाई. निस्ता काळा रंग हाय.”

“बसलंय की एक जन. खांदा पडका हाय त्याचा.”

साडूंनी दुकानात येऊन चित्र मोठं करून पाहिलं. काळा रंग. मग लहान केलं. त्यांनी मला जवळ बोलावलं. खिडकीत एक माणूस बसला होता. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, डावा खांदा उजव्यापेक्षा खाली, तोंड रुळांकडे. मोठं केलं की काहीच नाही. साडूंनी खिडकी पार पुसली, पुन्हा नव्याने काळी केली, चित्र लहान केलं. बसलेलाच होता. या खेपेला तोंड किंचित आमच्याकडे वळल्यासारखं मला वाटलं. साडूंनाही तसंच दिसतंय का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. परक्यांना घाबरवायचा विडा उचललेला हा माणूस त्या दिवसापासून स्वतःच्याच कॉम्प्युटरकडे पाठ करायला तयार होईना.

पण चित्र काढूनही टाकवेना, कारण ज्याला दाखवावं तो थांबत होता. गेम येण्याआधीची जाहिरात म्हणून ते इंटरनेटवर चढवलं, तर कुठल्या कुठल्या मुलखातून निरोप येऊ लागले. खिडकीतला माणूस गेममध्ये कुठे भेटतो? साडूंनी तेच चित्र मोबाइलवर लावून ठेवलं आणि ते घटकेघटकेला बघू लागले.

आता त्यांच्या घरची गोष्ट सांगायला हवी. साडूंचे वडील चुडाव्याच्या स्टेशनावर सांधेवाले होते, रुळांचे सांधे बदलणारे. साडू रांगत असताना ते एका सकाळी ड्युटीवर म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. ना अपघात, ना निरोप. त्यांचा एकुलता एक फोटो पूर्णेच्या पुरात गेला. साडूंना बापाचा चेहरा ठाऊक नाही आणि त्यांच्या मायने तो कधी शब्दांतही सांगितला नाही.

एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो. आत मोबाइल वाजून थांबला म्हणून माय तो घेऊन येत होती. चष्मा नव्हता, म्हणून तिने हात लांब धरून पाहिलं आणि ती दारातच थबकली.

“ह्यांला कुठं बघितलंस तू?”

“कोनाला, माय?”

“तुझ्या बापाला. हिरीत पडले तवापासून डावा खांदा असाच व्हता. टावेल बी असाच गुंडाळायचे.”

साडूंनी घास ताटात टाकून मोबाइल मागितला. “पुसून टाकतो, माय,” ते म्हणाले.

“ऱ्हाऊ दे,” माय म्हणाली. “लय वर्सांनी एका जागी बसलेत.”

मग तिने आपण होऊन चुडाव्याला न्यायला सांगितलं. आजवर त्या स्टेशनावर तिने पाय ठेवला नव्हता. आम्ही तिघं पॅसेंजरने गेलो. रखरखीत ऊन, फलाटावर चिटपाखरू नाही. सांधेवाल्यांची खोली बंद, खिडकीच्या काचेवर धुळीचा थर. माय पदर सारखा करून काचेसमोर उभी राहिली आणि शेजारणीशी बोलावं तसं बोलू लागली.

“रांगत व्हतं न्हवं, ते हे पोरगं. सोताचं दुकान हाय. लोकायला भेव दाखवायचे खेळ करायलंय, पन सोभावानं भित्रं हाय, तुमच्यावानी.” ती जराशी हसली. “म्या राग धरून बसले न्हाई. आता जा तुमी. बसून बसून अवघडले असताल.”

मी काचेकडेच पाहत होतो. आत काही हललं की धूळच वाऱ्याने सरकली, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दुकानात बोलावलं. फाइल तीच, कुणी हात लावलेला नाही. त्यांनी चित्र लहान केलं. खिडकी रिकामी होती.

गेम विक्रीला लागायला थोडेच दिवस उरले होते. मी व्यवहारी माणूस. म्हटलं, खांदा माहीत आहे, टॉवेल माहीत आहे, आता तुम्हीच काढा की त्यांना, लोक त्यांच्यासाठीच थांबतात. साडू माउस बाजूला सारत म्हणाले, “माय जा म्हनली. म्या कसं बसवू?”

त्यांनी खिडकीत फक्त एक पिवळा दिवा काढला. गेम आला, विकतो आपला बेताबेताने. भीतीच्या गेमला असा उबदार उजेड शोभत नाही, कव्हर फसलं, असं जाणकार लोक कळवतात. साडू कुणाशी वाद घालत नाहीत. मीच एकदा न राहवून विचारलं, तर मान खाली घालून, कुण्या पुढाऱ्याच्या फोटोचा काठ कापता कापता म्हणाले, “कोन कवा परत आलंच, तर अंधारात चाचपडू नये, साडूभाऊ.”