लोणी काळभोरपर्यंत, न ढकलता

पैज अशी होती: पर्वतीच्या पायथ्यापासून निघायचं, स्वारगेट-हडपसरमार्गे लोणी काळभोर गाठायचं, भर उन्हात परत यायचं, आणि वाटेत गाडी ढकलायला लागता कामा नये. ढकलावी लागली, तर माझी अँबॅसिडर कायमची प्रदर्शनाची वस्तू होणार. नाही लागली, तर ती पूर्वीसारखी माझ्याबरोबर मंडईत, बँकेत आणि व्याख्यानाला येत राहणार.

पैज माझ्या धाकट्या भावाशी, मिलिंदशी होती. गाडी साठीची, मीही साठीची. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, ती एका निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याकडून जुनीच घेतली होती. तिच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी तपासणी होऊन नूतनीकरण होतं. यंदा ती वेळ आली आणि मिलिंद म्हणाला, ते नको, आपण व्हिंटेज नोंदणी करू. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ती मिळते. वेगळी पाटी आणि मोठा मान. मात्र मग गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. मेळाव्याला न्यायची, एरवी झाकून ठेवायची.

अर्जावर सही मिलिंदची लागते, कारण आप्पा गेल्यावर गाडी त्याच्या नावावर झाली. वारस म्हणजे मुलगा, हे आमच्या घरात कोणी बोलूनही दाखवलं नाही, इतकं ते गृहीत होतं. समतेवर तीस वर्षं भाषणं ठोकणारी मीही तेव्हा गप्प बसले. चालवते मात्र मी.

का चालवते, असं मला प्रत्येक सिग्नलला विचारलं जातं. माझं मत स्पष्ट आहे. जी वस्तू वापरात नाही, तिला दिलेला मान खोटा असतो. माणसांचंही तेच. सकाळी चोक ओढावा, इंजिन दोनदा खोकून सुरू व्हावं, लांबलचक सीटवर शेजारी भाजीची पिशवी ठेवावी आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशीच असल्यामुळे हात फार न हलवता निघावं. या गाडीला घाई कळत नाही. ब्रेक दाबायचा विचार शंभर फूट आधी करावा लागतो, त्यामुळे माणूस रस्ता नीट बघायला शिकतो. लिटरला अकरा किलोमीटर देते, ते मी कोणाला आपणहून सांगत नाही.

निघण्याआधी नाना पेठेत हमीदभाईंकडे गेले. आप्पांच्या वेळी त्यांचे वडील ही गाडी बघायचे, आता ते बघतात. त्यांनी कार्बोरेटर साफ केला, पाणी पाहिलं आणि बजावलं की या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून असतो. उन्हात तापला की पेट्रोलची आतच वाफ होते आणि इंजिन उपाशी राहतं. तापलेली गाडी बंद केलीत तर लगेच बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं टाका. "आणि ताई," ते म्हणाले, "बोलण्याच्या नादात विसरू नका."

एप्रिलातल्या रविवारी सकाळी नऊला निघालो. तुम्ही जुनी गाडी नेणार असाल तर सहालाच निघा. आम्हाला पैजेसाठी ऊन हवं होतं. मिलिंद शेजारी बसला, इस्त्रीचा शर्ट घालून, पंचाच्या चेहऱ्याने. स्वारगेटला एक रिक्षावाला खिडकीशी वाकून म्हणाला, "काकू, संग्रहालय डावीकडे राहिलं." मी त्याला विचारलं, त्याची रिक्षा साठ वर्षांची झाल्यावर कोणी तिच्याकडे वळून बघेल का. सिग्नल सुटला, नाहीतर वाद पुढे गेला असता.

हडपसरपर्यंत दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये रांगलो. मांजरी फाट्यापाशी थोडी हवा लागली. तिथे एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला वीस मजली इमारती अशा समोरासमोर उभ्या आहेत की कोण कोणाकडे बघतंय ते समजत नाही. तापमापकाचा काटा मधोमध होता. मिलिंद दर पाच मिनिटांनी त्याच्याकडे पाही आणि मी दर पाच मिनिटांनी मिलिंदकडे.

लोणीत एका साध्या खानावळीत पिठलं, भाकरी, ठेचा असं जेवलो. दोघांचे अडीचशे रुपये, ताक धरून. गाडी झाडाखाली, बॉनेट उघडं, पंपावर ओला रुमाल. परत निघालो तेव्हा पहिल्याच झटक्याला सुरू झाली. मिलिंदचं तोंड जरा उतरलं. मी जिंकत आले होते.

आणि मग मी रसवंती पाहिली.

गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला, टळटळीत उन्हात. पाच मिनिटंच म्हणून गाडी बंद केली. रस हातात यायच्या आत चारपाच माणसं जमली. त्यातल्या एकाने विचारलं, "बाई, इकायची हाय का?" त्याला नाही एवढंच म्हणायला हवं होतं. पण प्रश्न विचारला की मी वीस मिनिटं बोलते, हा माझा जुना रोग. वस्तू वापरायच्या की पुजायच्या, यावर मी त्या रसवंतीपुढे सभाच घेतली. माणसं ऐकत होती. माझ्या पाठीमागे बंद बॉनेटखाली पंप भाजत होता.

किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच घरघरलं. पुन्हा तेच. गाडी बंद पडली नव्हती, मी ती बोलून बोलून बंद पाडली होती.

लोक भले होते. तिघेजण मागे गेले आणि हात लावून उभे राहिले. "ढकलू का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी मिलिंदकडे पाहिलं. त्याला फक्त हो म्हणायचं होतं.

"नका हो," तो म्हणाला. "थांबू थोडं."

रसवंतीच्या मालकीणबाईंनी बर्फावर टाकलेलं गोणपाट काढून दिलं. मिलिंदने ते पाण्यात बुडवून पिळलं, इस्त्रीच्या शर्टानिशी वाकून पंपावर गुंडाळलं आणि आम्ही दोघं बाकावर बसलो. त्याने मला बोलू नकोस असं हाताने सांगितलं.

मग तोच बोलला. तो आठ वर्षांचा असताना आप्पा त्याला घेऊन ऑफिसातल्या कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाला गेले होते. गाडी स्वतः चालवत. आमच्यासारख्या, गावकुसाबाहेरून आलेल्या घरातला माणूस अशा गाडीतून उतरला की लोक मागच्या सीटवर साहेब शोधत, हे मला माहीत होतं. हे लग्न मला माहीत नव्हतं.

"मंडपाच्या दारात एकाने आप्पांना सांगितलं, ड्रायव्हर लोकांचं जेवण मागे आहे. आप्पांनी माझा हात धरला आणि ते मागे गेले. आम्ही तिथे जेवलो, ताई."

"तू कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू भाषणात घेतलं असतंस." हे त्याने रागाने म्हटलं नाही. "त्या गाडीला एकदा लोकांनी रांगेत उभं राहून बघावं, एवढंच हवंय मला. बस."

माझ्याकडे याला उत्तरं होती. त्यासाठीच तर मला गावोगावी बोलावतात. पण त्या आठ वर्षांच्या मुलापुढे ती काढली नाहीत. मी विचारलं, परत येताना आप्पा काय म्हणाले?

"म्हणाले, वरण चांगलं होतं."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

मिलिंदने उठून गोणपाटावर ग्लासभर पाणी ओतलं. "दुसऱ्या दिवशी ऑफिसला गाडीनेच गेले," तो म्हणाला. "रोजच जायचे."

चाळीस मिनिटांनी किल्ली फिरवली ती त्यानेच. चौथ्या झटक्याला गाडी सुरू झाली. मालकीणबाईंनी गोणपाटाचे पैसे घेतले नाहीत. रस मात्र पुन्हा दोन ग्लास प्यायला लावला, त्याचे घेतले.

परतीला मिलिंद चालवत होता. ही गाडी आयुष्यात पहिल्यांदा. मांजरीपर्यंत दोनदा इंजिन बंद पाडलं, हडपसरला एका टेम्पोवाल्याची बोलणी खाल्ली, आणि घरी आल्यावर गाडी भिंतीला इतकी चिकटवून लावली की माझं दार उघडेना. मी सीटवरून सरकत सरकत त्याच्या दाराने उतरले आणि, स्वतःलाच आश्चर्य वाटलं, काही बोलले नाही.

नूतनीकरणाच्या अर्जावर त्याने जेवणाच्या टेबलावर सही केली. एप्रिल-मेमध्ये बारा ते चार गाडी काढायची नाही, ही त्याची अट मी मान्य केली. मान वापरण्यातच असतो, हे माझं मत आजही कायम आहे. पण लोकांनी रांगेत उभं राहून तो दिलेला बघायची भूक कोणाला असू शकते, आणि ती भूक खोटी नसते, हे मला माझ्याच घरात साठाव्या वर्षी कळलं. पुढच्या व्याख्यानात हे कसं सांगायचं ते अजून जमत नाही. कदाचित सांगूच नये.

गाडीची किल्ली त्या रात्री तो खिशात घालून घेऊन गेला. दोन गल्ल्या पलीकडेच राहतो. गेले चार दिवस मी रिक्षाने हिंडते आहे. रोज सकाळी साडेसहाला खाली गाडीचं दार लागल्याचा, मग इंजिन खोकून तो गाडी घेऊन निघाल्याचा आवाज येतो. मी अंथरुणात पडून ऐकते. खिडकीपाशी जाऊन बघत नाही.