ऑइलची तोटी आणि दामाबाबांचं पागोटं

रनाळ्याच्या बाजारात त्या दिवशी मी एका वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत चोर म्हणालो. महिना झाला... अजून घास गोड लागत नाही.

मी नंदुरबार ते रनाळे सर्व्हिस मोटार चालवतो. मोटार शेठजींची, पण इंजिनाचं ऑइल मी माझ्याच हातानं बदलतो. लढाई सुरू झाल्यापासून पार्ट मिळत नाहीत, ऑइल परमिटवर मोजून मिळतं. शेठजींनी बजावलंय, इंजिन जाम झालं तर मोटार बंद आणि माझी नोकरीही.

माझा स्वभाव काळजीचा. ऑइल सोडायला इंजिनाच्या बुडाशी जो बोल्ट असतो, तो मी आवळायचो... थोडं पुढे जाऊन परत यायचो... पुन्हा पाना लावायचो. असं करता करता त्याचे आटेच गेले आणि ऑइल ठिबकू लागलं.

नंदुरबारला करीमचाचा पितळेचं काम करतात, त्यांच्याकडे गेलो. बोल्ट बघून ते हसले. "काय रे भो, बोल्ट पिळस का दुश्मननी मान पिळस?" मग म्हणाले, आटे नवे पाडून देतो, पण त्यात बोल्ट बसवू की तोटी, ते तू सांग.

मी तोटी मागितली. पाना नको, आटे झिजायची भीती नको, कोपरापर्यंत गरम ऑइल नको... दांडी फिरवली की काम झालं. चाचा एवढंच म्हणाले, "तोटीले कोनीबी हात लावस. बोल्टले पाना लागस." मी ऐकलं आणि सोडून दिलं.

इंजिनातून काढलेलं काळं तेल मी कधी फेकत नाही. रनाळ्याला दामाबाबा बैलगाडी हाकतात, ते गाडीच्या आसाला वंगण म्हणून नेतात. तोटी बसवल्यावर पहिल्यांदा तेल काढलं तेव्हा ते शेजारीच उकिडवे बसले होते. नव्या तोटीच्या आनंदात मी म्हणालो, "बाबा, आता माझी वाट बघायला नको. मी नसलो तरी तोटी फिरवा, तेल हजर!" गंमत म्हणून बोललो... त्यांनी ते मनावर घेतलं.

त्या बाजाराच्या दिवशी सकाळी नंदुरबारलाच नवं ऑइल भरलं होतं. रनाळ्याला मोटार चिंचेखाली लावून मी चहा प्यायला गेलो. परत आलो तर माणसं आत बसलेली.

निघण्याआधी ऑइलची मोजपट्टी काढून पाहायची, हा माझा नेम. बॉनेटला हात लावला तेवढ्यात मागून एकजण ओरडला, "ड्रायव्हरभाऊ, कितला वखत नाडी दखशी? मोटारले ताप नही शे!" सगळे हसले. मला शरम वाटली. पट्टी न बघताच मी हँडल मारलं.

इंजिन सुरू झालं आणि दामाबाबा हातात डबा घेऊन मोटारीच्या समोरून पळत आले. "थांब भाऊ, थांब! हाई तेल काळं नही शे!"

मी डब्यात पाहिलं. मधाच्या रंगाचं, त्या सकाळीच ओतलेलं ऑइल... इंजिनातलं जवळजवळ निम्मं त्या डब्यात होतं. इंजिन बंद केलं आणि माझ्या तोंडून तो शब्द निघाला. एकदा नाही, दोनदा. बाजारातली माणसं गोळा झाली.

बाबा हळू आवाजात म्हणाले, "तूच सांगं व्हतं ना, तोटी फिरावनी. फडकं बुडावं तं तेल गोरं दखायनं... तसाच पळत ऊनू." ते पळत आले नसते तर अर्ध्या वाटेत इंजिन गेलं असतं.

डब्यात धूळ आणि काडीकचरा पडला होता. दुसरं ऑइल आणायचं कुठून? बाबांनी डोक्यावरचं पागोटं सोडलं, दुहेरी घडी केली आणि माझ्या नरसाळ्यावर धरलं. मी वरून ऑइल ओतत राहिलो... अगदी बारीक धार. मघाशी हसणारे आता माना पुढे काढून बघत होते.

शेवटी त्यांनी ते पागोटं नरसाळ्यावर पिळलं, थेंब न् थेंब आत जाऊ दिला. मोजपट्टी काढली तर ऑइल खुणेच्या जरासंच खाली होतं. बाबा उघड्या डोक्यानं आपल्या गाडीकडे गेले. माणसांना घाई होती, मी मोटार सुरू केली... त्यांना एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्याच दिवशी चाचांकडून तोटी काढून बोल्ट बसवून घेतला. चाचांनी तो एकदाच आवळला आणि पाना खाली ठेवला.

परवा पुन्हा ऑइल बदललं. काळ्या तेलाचा डबा घेऊन दामाबाबांच्या घरी गेलो. म्हणालो, "बाबा, चुकलो." अंगणातल्या बाजेकडे हात करून ते म्हणाले, "बस." तांब्याभर पाणी दिलं, मी ते सगळं प्यायलो.

मग त्यांनी डबा उन्हात नेला. बोट बुडवून चोळून पाहिलं आणि शेजाऱ्याला हाक मारली. "दखी ले रे, काळंच शे ना?" शेजारी हो म्हणाला, तेव्हाच त्यांनी डबा घरात ठेवला. त्यात राग नव्हता. आता साक्षीदार असल्याशिवाय ते माझ्याकडून काही घेणार नाहीत... एवढंच.

बाजारात माझा तो शब्द पुष्कळांनी ऐकला. माफी मात्र एका अंगणात झाली, म्हणून हे लिहितोय. ज्यांनी ते ऐकलं त्यांनी हेही वाचावं, आणि वाचता येत नसेल त्यांना वाचून दाखवावं... दामाबाबांनी चोरी केली नाही. आमची मोटार आज चालते आहे ती त्यांच्यामुळे.