पूर्ण पगारावर बंद पडलेली शाळा

सत्तर साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. कर्जत तालुक्यात, कोंडाण्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. शाळा एका खोलीची, पहिली ते चौथी, आणि सगळ्यांना मिळून एकच मास्तर. तो खालापूरकडचा. फार मोठा शिक्षक होता असं मी म्हणणार नाही. तंबाखू खायचा, पोरांच्या पाठीत धपाटे घालायचा, शनिवारी लवकर पळायचा. पण सोमवारी परत यायचा. त्याच्या आधीचे कधी येत, कधी येत नसत.

शाळेच्या खोलीत गावातल्या एका पुढाऱ्याचा पेंढा भरलेला असे. शाळा उघडली तरी अर्धी खोली त्याचीच. त्या वर्षी मास्तरने दोनदा निरोप पाठवला, कुणी आलं नाही, तेव्हा स्वतः पेंढा बाहेर काढून भिंतीकडेला रचला. पेंढा पावसात भिजला. पंधरवड्याच्या आत अर्ज गेला की मास्तर दारू पिऊन येतो, शिव्या देतो. मास्तर निलंबित झाला आणि शाळेला कुलूप लागलं.

आमचं घर बौद्धांचं. सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा उतरवला आणि त्या जागी पोरांची दप्तरं ठेवायला फळी ठोकली होती. मी माहेरी, कळंबला, सातवी झालेली. माझी थोरली तेव्हा चौथीत, धाकटा दुसरीत. दुसरा मास्तर येईल म्हणून आम्ही वाट पाहिली. गणपती गेले, भातं कापून झाली. कुणी आलं नाही. फळीवरच्या दप्तरांना उंदीर लागले.

शेवटी आम्ही चौघी बायका कर्जतला चालत गेलो. शिक्षण खात्याच्या कचेरीतल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "दुसरा मास्तर देता येत नाही. जागा रिकामी नाही."

"रिकामी नाय? मग तिथं हाय कोण?" माझ्या शेजारणीने विचारलं.

"जागा भरलेली आहे, बाई. निलंबित असला तरी मास्तर त्याच जागेवर आहे. पगार निघतोय."

चौकशीची तारीख सारखी पुढे जात होती. त्यात मास्तरचा दोष नाही, म्हणून त्याच्या संघटनेने भांडून त्याला पूर्ण पगार मिळवून दिला होता. त्याचं मला वाईट वाटलं नाही. त्यालाही बायकापोरं होती. पण आम्हाला साहेबापुढे उभं केलं तेव्हा साहेब हसून म्हणाला, "यात नुकसान कुणाचं झालंय? मास्तरला पुरा पगार मिळतोय. खोटं ठरलं तर परत येईल. थोडा धीर धरा."

नुकसान कुणाचं झालंय! समोर चार आया उभ्या होत्या आणि त्या माणसाला नुकसान झालेलं एकही माणूस दिसत नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, पगार सरकार देतं तो पोरांना शिकवायचा ना? मग पोरं कुठं हायत तुमच्या हिशेबात?"

"बाहेर बसा," साहेब म्हणाला.

बाहेर पडवीत बाकावर मास्तरच बसलेला. इस्त्रीचा सदरा, मांडीवर घडी घातलेलं वर्तमानपत्र.

"गुर्जी, तुमी हितं काय करता?"

"रोज येऊन सही करायची आणि संध्याकाळपर्यंत बसायचं," तो म्हणाला. "कर्जत सोडायचं नाही, दुसरा धंदा करायचा नाही, शाळेत पाऊल टाकायचं नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, फुकटचा घास घशाखाली उतरत नाही."

त्याची दया आली, पण राग जास्त आला. शिकवता येणारा माणूस इथे बाकावर, पोरं तिथे गुरांमागे, आणि हे सगळं नियमाला धरून!

परत जाताना वाटेत मीच बायकांना म्हटलं, "मास्तर शाळंत जाऊ शकत नाय ना? मग पोरं मास्तरकडं नेऊ."

सोमवारी उजाडताच आम्ही निघालो. पाट्या, भाकऱ्या आणि डझनभर पोरं. कचेरी उघडली तेव्हा पडवीत पोरं रांगेने बसलेली. मास्तर आला आणि दारातच थबकला.

"वहिनी, हे काय केलंत? माझ्यावर अजून एक आरोप ठेवतील."

"तुमी नका शिकवू. नुसते बसा. पोरं आपली लिवतील."

तो बसला. थोरलीने भागाकार मांडला आणि चुकवला. मास्तर बराच वेळ चुळबुळत राहिला. मग वाकला, पाटी ओढून घेतली आणि ओरडला, "बाकी कुठं गेली गं?" त्याचं ते ओरडणं ऐकून पोरं हसली. मी पदराने तोंड झाकलं.

दुपारी साहेब बाहेर आला. "ही काय धर्मशाळा आहे?"

"शाळा हाय, साहेब," मी म्हटलं. "पगार चालू असलेली."

आजूबाजूला कामासाठी आलेली माणसं गोळा झाली. कुणी हसलं, कुणी पोरांना चणे दिले. साहेब आत गेला. आम्ही तो आठवडा रोज पोरं नेली. पुढच्या सोमवारी बाक रिकामा होता. मास्तरने आता खालापूरला जाऊन सही करायची, असा हुकूम निघाला होता. दुसरा मास्तर द्यायला सहा महिने न हललेली कचेरी मास्तर हलवायला आठवड्यात हलली!

पुढच्या उन्हाळ्यात चौकशी संपली. अर्ज करणारा साक्षीला आलाच नाही. मास्तर निर्दोष सुटला आणि त्याला कुंभिवलीकडच्या शाळेत नेमलं. तेव्हा कुठे आमची जागा 'रिकामी' झाली आणि जूनमध्ये नवा मास्तर आला.

जुना मास्तर पेढे घेऊन घरी आला होता. "सगळं भरून निघालं, वहिनी," तो म्हणाला. "नोकरीत एका दिवसाचाही खंड धरला नाही."

थोरली दारात उभी होती. तिने विचारलं, "गुर्जी, माझी चौथी?"

तो पेढ्याचा पुडा तिच्या हातात देऊन उठला.

धाकटा पुन्हा शाळेत बसला, पुढे कारखान्यात लागला. थोरली बसली नाही. तोवर ती उंच झाली होती, बारक्या पोरांत बसायची तिला लाज वाटे. जावेचं तान्हं सांभाळणं, लाकडं आणणं, लावणीला जाणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. मी समजावलं, रागावले, एकदा मारलंही. चार वर्षांनी तिचं लग्न झालं.

मास्तरवर माझा राग नाही. पुढाऱ्यावरचाही आता निवला. पण "नुकसान कुणाचं झालंय" असं हसून विचारणारा तो साहेब आठवला, की या वयातही हातातलं काम खाली ठेवावं लागतं.