अक्काचं मागचं पान

जाहिरात मागायला दुकानात शिरली की अक्का आधी पाणी मागायची. तहान असो नसो. मला पहिल्या दिवशी वाटलं, बिचारी उन्हातून चालून आली आहे. तिसऱ्या दुकानातही तिनं पाणी मागितलं तेव्हा मी म्हटलं, "अक्का, पोट फुटेल तुझं!" ती बाहेर येऊन म्हणाली, "पानी देतानी मानूस दिसते वं. जाहिरात देतानी नाही दिसत."

तिचं नाव सुजाता. पण आदिलाबादच्या आमच्या विद्यापीठ केंद्रात तेलुगू पोरी तिला अक्का म्हणायच्या, मग मराठी आम्हीही तेच म्हणायला लागलो, आणि शेवटी शिकवणारे सरसुद्धा. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. आमचं विद्यार्थ्यांचं चार पानी पाक्षिक निघायचं. पहिलं पान तेलुगू, आत मराठी-हिंदी, आणि मागचं अख्खं पान जाहिरातींचं. ते पान अक्काचं. मी जैनथकडची, कापूसवाल्यांच्या घरातली, बी.ए.च्या पहिल्या वर्षाची. टायपिंग येतं म्हणून सरांनी मला तिच्या हाताखाली दिलं.

पाण्याचं कोडं मला कापडाच्या एका मोठ्या दुकानात उलगडलं. मालक अर्धं पान जाहिरात द्यायला तयार होता. गादीवर बसलेल्यांना स्टीलच्या पेल्यातून पाणी आलं. अक्काचं आडनाव विचारून झालं, आणि तिच्यासाठी आतून प्लास्टिकचा फेकायचा ग्लास आला. अक्कानं तो घेतला, पाणी प्यायली, "धन्यवाद शेठ" म्हणाली आणि सरळ बाहेर. मी मागून पळत, "अगं अर्धं पान देत होता ना तो!" तर म्हणे, "देऊ दे. माझ्या आज्याले वरून वतत होते, वंजळीत. आता गिलास देतेत, येवढाच फरक." तिचा आजा आमच्यासारख्यांच्याच शेतात राबलेला. आमच्या घरी गड्यांसाठी वेगळे ठेवलेले पेले मला आठवले.

अक्का काळजीखोर होती म्हणणं म्हणजे फारच कमी सांगणं झालं. अंक छापून आला की आम्ही पोरं भजी मागवायचो, आणि ही कोपऱ्यात मागचं पान डोळ्यांशी धरून बसायची. "काही चुकलं का?" विचारलं तर म्हणायची, "अजून दिसलं नाही." चूक आहेच, फक्त सापडायची राहिली आहे, असा तिचा ठाम विश्वास! नखं तर तिची कधी वाढलेली मी पाहिली नाहीत, सदा कुरतडलेली. तिचं एकच म्हणणं होतं, आणि ते तिनं मला शंभरदा ऐकवलं असेल: "छापलं म्हंजी आपनच सांगतलं. पोरं दुकानदाराले वळखत नाहीत, आपल्याले वळखतेत."

एका खानावळवाल्यानं जाहिरातीत लिहून दिलं होतं, 'घरच्यासारखं पोटभर जेवण'. अक्का दोन दिवस तिथं जेवली. तिसरी पोळी मागितली की वाढणाऱ्याचं तोंड वाकडं व्हायचं. तिनं पोटभर हा शब्द खोडला आणि लिहिलं, 'दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. वरण पातळ असते.' खानावळवाला भांडायला आमच्या पाक्षिकाच्या खोलीवर आला. "वरणाचं कायले लिवलं वो, ताई?" अक्का घाबरली होती, पण मागे हटली नाही. "काका, घट्ट करा, पुढच्या अंकात घट्ट लिवतो." आणि खरंच त्यानं वरण घट्ट केलं. पुढच्या अंकात तसं छापलंही.

आता माझ्या पापाचं सांगते. आढेवेढे घेत नाही.

अक्काच्या बहिणीचं बाळंतपण निघालं आणि ती चार दिवस किनवटला गेली. अंक छापायला जायचा होता आणि मागच्या पानावर एक चौकट मोकळी राहिली होती. मोकळी चौकट मला मेली खुपत होती. तेवढ्यात एक फोन आला. गोड हिंदी, "बेटा, बेटा" करणारा आवाज. निर्मलला ऑफिस, कंपनीत नोकरी, महिन्याभरात नेमणूक, मुलामुलींनी मूळ प्रमाणपत्रांसह भेटावं. मजकूर त्यानं मोबाईलवरच पाठवला. मी चौकटीत बसवला. काय झोकात दिसली ती जाहिरात, मी स्वतःवरच खूश! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्काचा फोन आला. चौकटीत नोकरीची जाहिरात बसवली म्हणताच, बाळाचं सांगायच्या आधी तिनं विचारलं, "रेखा, मानूस पाह्यला ना तुनं?"

मी म्हटलं, "हो."

"ऑफिसात गेल्ती? पानी देल्लं?"

"दिलं. चांगला आहे."

निर्मलला जाऊन यायचं तर अख्खा दिवस मोडतो. मला कंटाळा आला होता. एवढंच कारण होतं, दुसरं काही नाही.

दहा-बारा दिवसांनी कविता आमच्या खोलीच्या दारात उभी राहिली. बी.एस्सी. नुकतीच पास झालेली आमचीच मुलगी, गुडीहत्नूरकडची. हातात आमच्या अंकातलं कात्रण. "अक्का, हा नंबर उचलून नाही राह्यले. तुमच्याच पेपरातला हाय म्हून आली." अक्कानं कात्रण घेतलं, वाचलं, आणि विचारलं, "काय काय देल्लं तू त्याइले?" कवितानं बोटांवर मोजून सांगितलं: दहावीचा मेमो, इंटरचा मेमो, डिग्रीचा मेमो, जातीचा दाखला, टी.सी. सगळं मूळ. आमच्याकडे बारावीला इंटर आणि गुणपत्रिकेला मेमो म्हणतात, आणि पोरीच्या घरात त्या मेमोइतकं मोलाचं दुसरं काही नसतं. त्यात शनिवारी तिची बी.एड.च्या प्रवेशाची कागद-तपासणी होती. मूळ कागद दाखवले तर सीट, नाहीतर नाही. त्या दिवशी गुरुवार होता.

अक्का माझ्याकडे वळली. "रेखा, तुनं मानूस पाह्यला होता ना?"

मी जमिनीकडे बघत राहिले. अक्काला काय कळायचं ते कळलं. मला वाटलं, आता कवितासमोर माझी शोभा होणार. अक्का कविताला म्हणाली, "जाहिरात माझी हाय. चाल, निर्मलले जाऊ."

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघी बसमध्ये बसलो. अक्का ओढणीचं टोक पिळत होती, सोडत होती, पुन्हा पिळत होती. प्रत्येक थांब्यावर मान बाहेर काढून बघायची, ड्रायव्हर उगाच थांबला आहे का म्हणून. कविताला तिनं पाच वेळा तरी विचारलं, "झेराक्स हाय ना? समद्याइची हाय ना?" कविता रडत नव्हती, हेच जास्त भीतीचं होतं. ती आपली खिडकीतून बघत बसली होती, आणि एकदाच म्हणाली, "बाबाले सांगतलं नाही म्या." मी सीटच्या कडेला बसून मनात म्हणत होते, देवा, कुलूप नसू दे, कुलूप नसू दे.

कुलूप नव्हतं. लाकडी खेळण्यांच्या एका दुकानावर, जिना चढून, दोन खोल्यांचं ऑफिस होतं. आत टेबलाशी एक बाई बसलेली. "सर हैदराबादला गेलेत. सोमवारी या." सोमवारी! अक्कानं हात जोडले, शनिवारचं सांगितलं, कवितानं त्यांनीच दिलेली कागदांची पावती दाखवली. बाई मोबाईलमधून मान वर करेना.

मला वाटलं, संपलं आता. अक्का खाली आली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. मीही बसले. थोड्या वेळानं एक मुलगा आला, हातात प्लास्टिकची फाईल. अक्का ताडकन उठली. पिशवीतून आमचा अंक काढला, मागचं पान उघडून त्याच्यासमोर धरलं. "ही जाहिरात पाहून आला का रे दादा? ही म्या छापली. न पाहता छापली, चुकली माझी. ओरिजिनल वर देऊ नको." मुलगा गोंधळला, जरा थांबला, निघून गेला. मग दोन मुली आल्या, त्यांना तेलुगूत. मग एक बाप-लेक, त्यांना हिंदीत. जी पोरगी खानावळवाल्यासमोर घाबरली होती, ती रस्त्यावरच्या माणसाला अडवून 'माझी चूक, माझी चूक' सांगत होती. खेळण्यांच्या दुकानातला म्हाताराही बाहेर येऊन उभा राहिला. दुपारपर्यंत एकही फाईल वर गेली नाही.

आणि मग 'हैदराबादला गेलेले' सर स्वतःच जिना उतरून आले. तोच गोड आवाज, पण आता "बेटा" नव्हतं! "तमाशा लावलाय का? पोलिसांना बोलावू?" अक्का म्हणाली, "बोलवा ना साहेब. मलेबी तेच पाह्यजे." तो दातओठ खात वर गेला आणि कागदांचा एक गठ्ठा आणून त्यानं अक्काच्या अंगावर टाकला. तिथंच पायरीवर आम्ही ते उघडले. कविताचे, आणि तिच्यासारख्या आणखी सहा जणांचे. कविताची टी.सी. होती. जातीचा दाखला होता. इंटर होतं, डिग्री होती. दहावीचा मेमो नव्हता. वरची बाई म्हणाली, थोडे कागद आधीच हैदराबादला पाठवलेत. आम्ही पोलिसांत अर्ज दिला. पोलीस दुसऱ्या दिवशी गेले तर दाराला कुलूप होतं, आणि ते पुन्हा उघडलं नाही.

शनिवारी तपासणीच्या टेबलापाशी अक्का कविताच्या बाजूला उभी होती. झेरॉक्स पुढे केली, पोलिसांच्या अर्जाची नक्कल पुढे केली, हात जोडले. साहेब वाईट नव्हते. दोनदा कागद चाळून त्यांनी हळूच विचारलं, "ओरिजिनल लेदा, अम्मा?" मूळ नाही म्हटल्यावर त्यांनी फाईल मिटली. कविताचं वर्ष गेलं. बाहेर येऊन ती अक्काला एकच वाक्य बोलली, "तुमच्या पेपरावर भरोसा ठिवला म्या." आणि आदल्या रात्री सगळं कळून आलेल्या बापाबरोबर निघून गेली.

मी त्या दिवशी अक्काला म्हटलं, मी सरांना सगळं खरं सांगते. अक्का चिडलीच. "काई सांगू नको. तुले अजून दोन वर्स इथंच काढाचे हायेत. मी तर दोन महिन्यानं चालली." तिनं पुढच्या अंकात, त्याच जागी, तेवढ्याच आकाराच्या चौकटीत माफी छापायची ठरवली. सर म्हणाले, पेपराचं नाव खराब होईल. "मंग माझं टाका," अक्का म्हणाली. 'मागच्या अंकातली नोकरीची जाहिरात मी न तपासता छापली. त्यावर विश्वासून कोणी कागद दिले असतील त्यांनी मला भेटावं.' खाली तिचं पूर्ण नाव. ते टाईप मी केलं. त्यातला 'मी' कोण हे मला माहीत होतं, आणि तरी माझी बोटं चालली. उलट मला अक्काचाच राग आला, की ही मला बोलू का देत नाही! बघा, किती निलाजरी मी.

परीक्षा संपल्या आणि अक्का यवतमाळकडच्या एका शाळेत लागली. बस स्टँडवर सोडायला मी एकटीच होते. जाताना काय बोलली? "त्या चश्मेवाल्याच्या जाहिरातीतला पत्ता पाहून घेजो. दुकान हलवलं म्हंते त्यानं."

आता मागचं पान माझ्याकडे आहे. मी दुकानात जाते, बसते, माणूस बघते, आणि प्रत्येक अंकाच्या दिवशी पान डोळ्यांशी धरून चूक शोधत बसते. परवा एक मुलगी मैत्रिणीच्या शिकवणीची जाहिरात द्यायला आली. मान वर केली तर कविता. डुप्लिकेट मेमो काढून पुढच्या वर्षी बी.एड.ला लागली होती. नव्या पोरी अवतीभोवती बसल्या होत्या. त्यांना ती म्हणाली, "आधी एक अक्का होती इथं. न पाहताच छापे. माझं वरीस खाल्लं तिनं."

दोन वर्षं गप्प होते, आणखी एक दिवस गप्प बसता आलं असतं. मी म्हटलं, "अक्का नव्हती, कविता. ती जाहिरात मी घेतली होती. तिनं फोनवर विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

कविता माझ्या टेबलाजवळ सरकली. मला वाटलं, मारते आता, आणि मारावंच तिनं. ती म्हणाली, "फोन लाव तिले."

मी लावला आणि आवाज मोठा केला. "कोन? रेखा? काय झालं? समदं बराबर हाय ना?" तीच अक्का, तोच घाबरा आवाज. कविता म्हणाली, "अक्का, मी कविता. मेमोवाली." कविता आणखी काही बोलणार, त्याआधीच अक्का म्हणाली, "भेटला का वं तुझा मेमो? म्या अजूनबी लावून पाह्यतो त्या मानसाचा नंबर. बंदच येते."

कविताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, ओठ आवळले, आणि म्हणाली, "भेटला, अक्का."

"खरंच? पाह्यला ना नीट? तुझंच नाव हाय ना त्याच्यावर?"

"माझंच हाय. मी आता हातातच धरून बसली हाय."

तिच्या हातात शिकवणीच्या जाहिरातीचा कागद होता. "बाई बाई बाई," अक्का म्हणाली, आणि फोनवर तिचा लांब सुस्कारा ऐकू आला. इतके दिवस तिच्याबरोबर काढले, पण तिला असं निवांत झालेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.